पुलाच्या सीनला मारलेली शिट्टी

स्वतःचं तोंड अनिशला एवढं उघडंवाघडं पहिल्यांदा दिसलं ते ऑफिसच्या किचनमध्ये, दुसऱ्याच्या फोनवर. केटल खदखदत होती. शेजारच्या टीमचा ग्रॅहम मग घेऊन आला, फोन पुढे केला आणि कुणाचं तरी मयत सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मेट, धिस इज यू, इझन्ट इट?" अनिशनं बघितलं. थिएटरातला अंधार, पडद्याचा निळा उजेड तोंडांवर पडलेला, आणि रांगेच्या मधोमध एक माणूस अर्धवट उठलेला. दोन बोटं तोंडात खुपसलेली, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, मानेची शीर टरारलेली. फोनचा आवाज बंद होता, तरी त्याला ती शिट्टी ऐकू आली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ब्रिटिश अधिकाऱ्याची बेइज्जती बघून थिएटरात जल्लोष, आणि हे लोक आपल्यातच राहतात, आपल्यातच काम करतात. पाहणारे लाखांच्या घरात. 'हो, मीच' म्हणायचं सोडून त्याच्या तोंडून निघालं, "फनी अँगल, नो?" ग्रॅहम हसला नाही. इंग्रज माणूस न हसता चहात दूध ओतायला लागला की समजावं, गोष्ट वरपर्यंत पोचलेली आहे.

जागेवर येऊन बघतो तर हेलनचा मेल येऊन पडलेला. हेलन एचआरची. तीन वाजता, दुसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम, "जस्ट अ क्विक चॅट". नागपूरला साहेब चिडला की टेबलावर फाइल आपटतो, आईबहीण काढतो, आणि संध्याकाळी टपरीवर स्वतःच चहा पाजतो. इथे आवाज चढत नाही. इथे क्विक चॅट असते, आणि माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलेलं असतं. मेलमध्ये डंकनलाही धरलेलं होतं. डंकन म्हणजे सिक्युरिटी. कंपनीचं काम लष्कराच्या पुरवठ्याचं, कुठल्या तळाला किती तंबू, किती औषधं, किती बूट, ट्रक कधी निघाला, कधी पोचेल, त्याचं सॉफ्टवेअर. बंदुकीचा नखभर संबंध नाही, पण सरकारी क्लिअरन्सशिवाय खुर्चीला टेकता येत नाही. क्लिअरन्स गेला की नोकरी गेली, नोकरीच्या खुंटीला व्हिसा टांगलेला, आणि व्हिसाच्या खुंटीला बायको श्रद्धा, मुलगी ईशानी, ब्रॅकनेलमधलं ते भाड्याचं घर, ईशानीची शाळा, सगळंच. कायमच्या मुक्कामाचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचा होता. म्हणजे काठाला हात लागलेला, आणि एका शिट्टीपायी पाय घसरायची वेळ.

पिक्चर भिकार होता. हे आधी सांगून टाकायला हवं, कारण अनिशसुद्धा दिवसभर मनातल्या मनात आधी हेच सांगत होता, कुणी विचारायच्या आत. तुर्की मारधाडपट. परक्या फौजेनं एक शहर ताब्यात घेतलेलं, त्यात एकटा तुर्की हिरो शिरतो आणि दीड माणूस उंचीच्या गोऱ्यांना शेंगा फोडाव्यात तसं फोडतो. पेपरांनी आरडाओरडा केला होता, बंदी घाला, द्वेष पसरवतो. आणि पसरवत होताच. त्यातला एक डॉक्टर ज्यू दाखवला होता, आणि तो ज्यू आहे एवढ्यावरच त्याला सैतान करून टाकला होता. कैद्यांची शरीरं चिरतो काय, हसतो काय. त्या सीनला अनिशच्या घशात पॉपकॉर्न अडकले होते. शेजारी एमरेनं तोंडावर हात घेतला होता. एमरे त्याच्याच टीममधला, इझमिरचा, व्हिसाही असाच कंपनीच्या खुंटीवरचा. तो यायलाच तयार नव्हता. "इट्स गार्बेज, ब्रो," असं दहादा म्हणाला होता. "हे लोक माझ्या देशाच्या नावावर शेण विकतात." पण अनिशच्या अंगात किडा. सगळे ज्याला नावं ठेवतात ते स्वतः बघितल्याशिवाय चैन नाही. त्यानं एमरेला ओढत रेडिंगच्या थिएटरात नेलं. डॉक्टरच्या सीनला एमरे उठला होता, "मी जातो." इथे इंटरव्हलही नसतो, सभ्यपणे पळून जायला निमित्त नाही. अनिशनं त्याच्या शर्टाची बाही धरली. "थांब ना यार. संपतच आलंय." एमरे बसला. त्यानंतर पूल आला.

"तू शिट्टी मारलीस?" फोनवर श्रद्धाचा आवाज एकदम पातळ झाला होता. ती पुण्याची. तिला थिएटरात कुणी चॉकलेटचा कागद सोडला तरी वळून बघायची सवय. "ब्रॅकनेलमध्ये राहून, एवढ्या घोड्यानं, शिट्टी?"

"रेडिंगला."

"रेडिंगला! मग काय, माफच आहे." तिच्या मागे वॉशिंग मशीन धडधडत होतं. "मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय तो व्हिडिओ. रश्मीनं मला पाठवला. वर विचारते, हा तुमचा अनिश का गं? म्हणजे तिला दिसत नाहीये जसं काही. काय म्हणाले ऑफिसात?"

"तीनला बोलावलंय."

"अनिश, ऐक. कमलाकरकाकांना फोन कर. नको, तू नाही करणार. मीच सांगते त्यांना." आणि मग, फोन ठेवता ठेवता, अगदी लहान आवाजात, "काय गरज होती रे?"

काय गरज होती. हा प्रश्न तिनं त्याला लग्न झाल्यापासून किती निमित्तांनी विचारला असेल. मंडळाच्या गणपतीत तो प्रसादाच्या रांगेतून मध्येच बाहेर पडून गाडीत जाऊन बसला होता तेव्हा. लंडनजवळ पिनरच्या एका दिवाळी जेवणात कुणीतरी "नागपूरचे म्हणजे महालातले का?" असं विचारल्यावर त्यानं "नाही, इंदोऱ्याचे" असं, दलित वस्तीचं नाव घेऊन, मुद्दाम मोठ्यानं सांगितलं तेव्हा. टेबलावरचे चमचे क्षणभर थांबले होते, मग पुन्हा सुरू झाले होते.  आपली माणसं परदेशात फार सुधारतात, तोंडानं काही बोलत नाहीत. फक्त पुढच्या वेळी बोलवायला विसरतात.

बाराच्या सुमाराला कमलाकरकाकांचा फोन आला. काका पिनरचे, अर्धं आयुष्य या देशात काढलेले, मंडळाचे विश्वस्त, नव्या व्हिसावाल्या पोरांचे बिनपगारी वकील. अनिश जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

"घाबरलास?"

"नाही काका."

"मग मूर्ख आहेस. घाबरायला पाहिजे. पण मार्ग आहे. हे बघ, या लोकांना मी ओळखतो. तू आत जायचं, हसायचं आणि सांगायचं, आमच्याकडे पिक्चरला शिट्ट्या मारतातच. हिरो आला मार शिट्टी, गाणं लागलं मार शिट्टी, लाइट गेले मार शिट्टी. कल्चरल आहे. हा शब्द वापर. कल्चरल म्हटलं की ते पेन खाली ठेवतात."

"पण काका, मी अशीतशी नव्हती मारली."

पलीकडे मग काकांनी घसा साफ केला. "ते खरं असेलही. खरं घरी सांगावं, बायकोला. अरे, आपली इथे इमेज काय आहे माहितीये? कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. डोकं खाली घालून काम करणारे. ती आम्ही जन्म घालवून केलीये. तुझ्याबरोबर तो दुसरा कोण होता, टर्किश ना? ते लोक वेगळे. त्यांच्यात नको अडकूस. आपण म्हणजे आपण."

आपण. एवढा गोड शब्द, आणि आज काकांनी तो त्याला फुकटात देऊन टाकला होता. घाबरलेला असला की माणूस आपला होतो. अनिश "बरं काका, थँक्यू" म्हणाला, फोन ठेवला आणि पायरीवर तसाच बसून राहिला. काका चूक नव्हते, हेच तर दुखत होतं. शिट्टी ही खरंच सवय होती. नागपूरला पुढच्या बाकड्यांवर बसून तो ती शिकला होता, बोटं कशी दुमडायची, जीभ मागे कशी ओढायची, दातांमधून वारा कसा सोडायचा. ओठ फुटेपर्यंत सराव केला होता. तिथे शिट्टी मारणं म्हणजे पडद्यातल्या माणसाला सांगणं असतं की भाऊ, एकटा नाहीस, आम्ही आहोत. ही भाषा डंकनला सांगायची कशी, आणि सांगितली तर ती आणखीच गळ्याशी येणार.

पुलाचा सीन असा होता. शहराला दुभागणारी नदी, तिच्यावर पूल, पुलावर फौजेची चौकी. पलीकडे जायचं असेल त्यानं पायातलं काढून डोक्यावर घ्यायचं आणि तसंच चालत जायचं, असा चौकीवरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा हुकूम. सुरक्षेच्या नावाखाली. एक म्हातारा मास्तर येतो. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. तो वाकतो, नाड्या सोडतो. कॅमेरा त्या नाड्यांवर कितीतरी वेळ थांबतो, आणि त्या भिकार पिक्चरमधली तेवढीच गोष्ट खरी होती. म्हातारा बूट डोक्यावर घेतो आणि चालायला लागतो. मागे त्याचा नातू.

अनिशचा आजा. उमरेडच्या अलीकडचं गाव. बाजाराच्या दिवशी आज्यानं नव्या चपला घेतल्या, आणि येताना त्या पायात आहेत हेच तो विसरला. नव्या चपलेचा आनंद, दुसरं काय. पाटलाच्या दारावरून आपल्या लोकांनी चपला हातात घेऊन जायचं, हा गावचा रिवाज, कुठे लिहिलेला नाही पण दगडावरच्या रेघेसारखा. दारात बसलेल्यांनी हाक मारली. मारलं नाही, शिवी दिली नाही. एकानं फक्त एवढंच म्हटलं, लई महाग दिसतात रे, डोक्यावर घे, मातीत खराब होतील. आणि आजा त्या चपला डोक्यावर घेऊन गावाच्या टोकापर्यंत चालत गेला. मागे मागे अनिशचा बाप, लहान. बापानं ही गोष्ट एकदाच सांगितली. तार ऑफिसातली नोकरी, रविवारी सगळ्या घराच्या बूटचपला ओसरीत मांडून पॉलिश करायचा नेम, हातात ब्रश, आणि मध्येच सांगायला लागला. वाईट काय, तर तो हसत सांगत होता. "तुझा आजा असा चालत होता बे, डोक्यावर चपला धरून, जसा काही दहीहंडीचा मडका." आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याला नंतर हसण्याचं कारण उरलं नाही. बाप गेला. त्याला सरणावर ठेवताना अनिशनं पायांत नवे बूट घालायचा हट्ट धरला होता. नातेवाईक म्हणाले असं नसतं करत. तो म्हणाला, असंच करायचं.

आणि पडद्यावर हिरो पुलावर आला. हातात बंदूक नाही. अधिकाऱ्याच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, काढ. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. अधिकाऱ्यानं नाड्या सोडल्या, बूट डोक्यावर घेतले आणि पुलावरून चालायला लागला. त्या क्षणी अनिशची बोटं तोंडात कधी गेली ते त्याला कळलंच नाही. ती शिट्टी त्यानं मारली म्हणणंच खोटं, ती निघाली. उमरेडच्या अलीकडून निघालेली होती, पोचायला तिला तीन पिढ्या लागल्या. तिच्या जोरावर आख्खं थिएटर ओरडायला लागलं. आणि शेजारी एमरे, मांडीवर हात ठेवून, समोर बघत, गप्प.

तीन वाजता छोट्या खोलीत पाण्याचा जग होता, टिश्यूचा डबा होता, हेलन होती आणि डंकन होता. डंकन पूर्वी फौजेत, पाठ अजून भिंतीसारखी सरळ. हेलननं आधीच सांगून टाकलं, "यू आर नॉट इन ट्रबल, अनिश." खोलीतून बाहेर पडायच्या आत हे वाक्य खोटं ठरतं, असा या देशातला अनुभव.

"आम्हाला फक्त समजून घ्यायचंय," डंकन म्हणाला. "टॉक अस थ्रू इट."

अनिशच्या जिभेवर काकांचे शब्द तयार बसलेले. त्यानं सुरुवातही केली, इंग्रजीत, जरा हसत, की आमच्याकडे थिएटरात लोक शिट्ट्या मारतात, टाळ्या वाजवतात, नाणी उधळतात. हेलनचा चेहरा असा उमलला की बघत राहावं. "ओह, आय लव्ह दॅट!" ती एकदा राजस्थानला गेली होती, उंटावर बसली होती, लोक इतके वॉर्म. डंकनची पाठसुद्धा बोटभर वाकली. "म्हणजे कुठलाही पिक्चर असता तरी?" त्यानं विचारलं. पेन खाली ठेवायच्या बेतातच होतं. फक्त हो म्हणायचं होतं. घर, शाळा, अर्ज, सगळं त्या एका हो-पलीकडे सुखरूप मांडून ठेवलेलं. अनिशला ईशानीचा युनिफॉर्म दिसला, रेडिएटरवर वाळत घातलेला. आणि त्याच वेळी हेलनचं ते हसू दिसलं. गोड, मायाळू, कुत्र्याच्या पिल्लाकडे बघून येतं तसलं.

"नाही," तो म्हणाला. "कुठलाही नाही. तोच सीन."

आणि मग त्यानं सांगितलं. पिक्चर घाणेरडा आहे, डॉक्टरचा सीन बघून लाज वाटली, हे सांगितलं. आणि पुलावर अधिकाऱ्याच्या डोक्यावर बूट आले तेव्हा आनंद झाला, हेही सांगितलं. आजा सांगितला, चपला सांगितल्या. जात हा शब्द इंग्रजीत सांगताना तो किती गुळगुळीत होतो, कास्ट, साबणासारखा, हातात राहतच नाही. तरी सांगितलं. आवाज चढला होता. हेलनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थँक यू फॉर शेअरिंग दॅट," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या फौजेविरुद्ध ते नव्हतंच."

"पिक्चरमध्ये फौज तुमचीच होती. मी त्यालाच शिट्टी मारली. मला राग आला होता. आय वॉज अँग्री. आय स्टिल अ‍ॅम."

"अँड दॅट्स कम्प्लीटली व्हॅलिड." हेलननं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. डंकनकडे बघितलं. "मला वाटतं, कल्चरल रिअ‍ॅक्शन असं लिहिलं की पुरे?" डंकननं मान हलवली, म्हणाला, "शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना तुमचं? तुझ्याशिवाय होणार नाही म्हणतात." अनिश म्हणाला, "कल्चरल नाही लिहायचं. राग लिहा." हेलन हसली, आणि तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. माणूस जीव तोडून सांगतो की मी वाघ आहे, आणि समोरचा म्हणतो, किती छान म्याव करतोस.

डंकन उठता उठता म्हणाला, "आणि तुझ्या शेजारचा? तो एमरे?"

"तो यायलाच तयार नव्हता. मी ओढून नेलं. त्याला पिक्चर आवडला नाही. त्यानं काहीच केलं नाही."

"राइट," डंकन म्हणाला. "तेच दिसतंय व्हिडिओत. काहीच केलं नाही."

बाहेर आल्यावर अनिशला हलकं वाटायला हवं होतं. नोकरी वाचली होती, आणि खरं बोलून वाचली होती, असं कुणाच्या नशिबात असतं. पण तोंडात कडू चव, जसं थुंकायला गेलो आणि समोरच्यानं ते तीर्थ म्हणून घेतलं. खिशात फोन थरथरला, श्रद्धा. त्यानं उचलला नाही. खिडकीतून खाली कार पार्क दिसत होता, आणि तिथे भिंतीला टेकून एमरे सिगरेट ओढत उभा होता. गळ्यात कार्ड नव्हतं. अनिश जिना उतरला, उतरला म्हणजे जवळजवळ पडतच खाली गेला.

"तुला केव्हा बोलावलं होतं?"

"सकाळी. तुझ्या आधी. तुझं काय होतं ते बघायला थांबलो." एमरेनं धूर बाजूला सोडला. "चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणाले. चौकशी कसली ते विचारू नकोस, त्यांनाही माहीत नाही. तुझं काय?"

"मी सगळं खरं सांगितलं. शिट्टी मनापासून मारली म्हणालो."

"आणि?"

"घेतलंच नाही त्यांनी. कल्चरल लिहिलं."

एमरे हसला. खोकला येईपर्यंत हसला. "वाह! तू ओरडून सांगितलंस तरी तू गोड. मला काय विचारलं सांगू? सगळं थिएटर नाचत होतं, तू एवढा शांत कसा बसला होतास? मनात काय चाललं होतं तुझ्या?"

"तू काय म्हणालास?"

"खरं तेच. पिक्चर घाण होता, मला लाज वाटत होती. तर म्हणाले, एवढी लाज वाटत होती तर उठून का नाही गेलास? शेवटपर्यंत का बसलास?"

 एमरेच्या शर्टाची ती बाही अनिशच्या बोटांना अजून जाणवत होती. "मग सांगायचंस ना! मी धरून बसवलं म्हणून सांगायचंस!"

एमरेनं खांदे उडवले. सिगरेट भिंतीवर विझवली, थोटूक इकडेतिकडे न टाकता खिशात ठेवलं. "सकाळी तुझं काय होणार ते मला माहीत नव्हतं. मी तुझं नाव आणखी एकदा कशाला घेऊ? तुझी पोरगी शाळेत जाते ब्रो. माझं काय, एक बॅग."

तो गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, "शुक्रवारचं रिलीज नीट कर. ट्रकची ती टेस्ट अजून फेल होतेय, बघ," आणि निघून गेला. त्याच्या गाडीच्या जागेवर तेलाचा डाग तेवढा उरला. अनिश बराच वेळ त्या डागाकडे बघत उभा राहिला. शिट्टी मारली त्याला वर आपल्या खुर्चीवर परत जाता येणार होतं, गप्प बसला तो घरी गेला होता. फोन पुन्हा थरथरला. मेसेज. "काय झालं? सांग ना रे. जीव खालीवर होतोय." 'वाचलो' एवढ्या एका शब्दात तिचा जीव खाली आणता आला असता, आणि पुढे काय करायचं हेही त्या एका शब्दानं ठरून गेलं असतं. त्यानं फोन बंद केला.

एमरेला बाही धरून मीच बसवलं, हे सांगायला तो वर गेला. दारानं त्याचं कार्ड ओळखलं, हिरवा दिवा लागला. छोट्या खोलीत हेलन आता दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती, तोच जग, तोच टिश्यूचा डबा. अनिशनं काचेवर टकटक केलं. हेलननं वर बघितलं, ओळखीचं हसली, दोन बोटं वर करून ओठांनीच म्हणाली, दोन मिनिटं. आणि पुन्हा समोरच्याकडे वळली.

अनिशनं दुसऱ्यांदा काच वाजवली, या वेळी मुठीनं. मजल्यावरची सगळी डोकी वर झाली.